न चालणाऱ्या फायलींची बखर

'फाइल चालत नाही' हे वाक्य मराठी भाषेत संगणक यायच्या कितीतरी आधीपासून आहे. सरकारी कचेरीत, जिल्हा परिषदेत, झालंच तर आमच्या बँकेतसुद्धा फायली पूर्वापार चालत नाहीत. पण त्या न चालण्यामागची कारणे सर्वांना पाठ असतात. साहेब रजेवर आहेत, एक सही राहिली आहे, किंवा फायलीवर योग्य ते वजन ठेवलेले नाही. उपायही ठरलेले असतात. फार तर दोन खेपा जास्त पडतात, चहा सांगावा लागतो, आणि फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकते.

अलीकडे घराघरांत ज्या फायली चालत नाहीत त्यांचे तसे नाही. टीव्हीशेजारी एक वीतभर काळा डबा असतो, त्याला मीडिया प्लेअर म्हणतात. काही टीव्हींत तो पोटातच असतो. पेन ड्राइव्ह खुपसावा, रिमोटचे बटण दाबावे आणि पडद्यावर पिक्चर दिसावा, एवढ्यासाठी त्याचा जन्म. प्रत्यक्षात पडद्यावर उमटते ती एक ओळ: 'ही फाइल चालवता येत नाही.' कारण नाही, खुलासा नाही, कोणाला भेटावे तेही नाही. आम्ही चेक परत पाठवतो तेव्हासुद्धा सोबत एक छापील चिठ्ठी जोडतो. तीत 'सही जुळत नाही', 'शिल्लक अपुरी', 'तारीख उलटून गेली' अशी कारणे असतात आणि लागू असेल त्यावर खूण केलेली असते. डबा एवढेही सौजन्य दाखवत नाही.

आणि गंमत अशी, की तीच फाइल आतल्या खोलीतल्या संगणकावर बिनबोभाट चालते. घरातली मंडळी मग आधी डब्याकडे आणि नंतर डबा विकत आणणाऱ्याकडे एकाच नजरेने बघतात.

हे असे का होते याचा शोध मी गेली काही वर्षे सवडीने घेत आलो आहे. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. पण खतावणी जुळत नसली की पान पान मागे जायचे आणि फरक जिथे शिरला ती नोंद हुडकून काढायची, ही आमची धंद्याची सवय. तसा मागे मागे जात राहिलो, तेव्हा कळले की त्या वीतभर डब्यात पन्नास वर्षांचा इतिहास कोंबून भरलेला आहे, आणि त्यातले एखादे पान फाटले की डबा रुसतो.

या बखरीचा पहिला अध्याय कॅसेटचा. सोनी कंपनीने 1975 साली बीटामॅक्स काढले आणि पुढच्याच वर्षी, 1976 साली, जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस काढले. दोन्ही जपानी, दोन्हींत चुंबकीय फीत, दोन्हींचे काम एकच. फक्त एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रात जात नसे. 'चालत नाही'चा हा आद्य प्रकार. बीटामॅक्सचे चित्र सरस म्हणत, पण सुरुवातीच्या कॅसेटीत तासाभराचाच ऐवज मावे. व्हीएचएसमध्ये दोन तास. माणसाला थोडे बरे चित्र आणि अख्खा पिक्चर यांत निवड करायला सांगितली, तर तो काय निवडील हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. बीटामॅक्स हरले, पण जपानी माणसाची चिकाटी अशी, की हरलेल्या बाजूच्या कॅसेटी 2016 पर्यंत विकल्या जात होत्या. जिंकलेल्या व्हीएचएसची यंत्रे काढणाऱ्या शेवटच्या कंपनीनेही त्याच 2016 साली उत्पादन थांबवले. जेता आणि जित एकाच वर्षी पंचत्वात विलीन झाले. इतिहासात असा न्याय क्वचित मिळतो.

आपल्याकडे 1982 साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले आणि मागोमाग व्हीसीआर आला. तो विकत घेणारे थोडे, भाड्याने आणणारे फार. गणपतीत किंवा कोणाच्या पूजेच्या निमित्ताने रात्रभरासाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी यायच्या आणि अख्खी चाळ पहाटेपर्यंत जागायची. त्या काळी एखादी कॅसेट चालली नाही तर ती का चालली नाही हे डोळ्यांना दिसे. फीत गुंतलेली असे, पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी धरलेली असे, किंवा हेडवर घाण बसलेली असे. मग चाळीतला एक जाणता मुलगा झाकण उघडून स्पिरिटचा बोळा फिरवी आणि हेलन पुन्हा नाचू लागे. बिघाड होता, पण तो बोटाने दाखवता येत होता.

दुसरा अध्याय आकड्यांचा, आणि इथे माझ्यातला कारकून जागा होतो. चित्र फितीवरून आकड्यांत आणायचे ठरले तेव्हा हिशेब असा निघाला. आपल्याकडच्या टीव्हीच्या एका चित्रात आडवे 720 आणि उभे 576 ठिपके, म्हणजे 4,14,720. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरा. अशी चित्रे सेकंदाला पंचवीस. म्हणजे एका सेकंदाला 2,07,36,000 बाइट झाले. या दराने साध्या सीडीवर जेमतेम अर्ध्या मिनिटाचा मजकूर मावतो. तीन तासांच्या हिंदी चित्रपटाला साडेतीनशेच्या आसपास तबकड्या लागल्या असत्या. नायिका जिना उतरते आहे तोवर घरधन्याने चार वेळा उठून तबकडी बदलायची!

तेव्हा काटकसर आली. ही काटकसर ज्या गणितावर उभी आहे, ते एका बंगळूरच्या माणसाचे आहे हे वाचून मला मोठा आनंद झाला. नासीर अहमद त्यांचे नाव. अमेरिकेत कॅन्सास स्टेट विद्यापीठात प्राध्यापक होते. 1972 साली त्यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे या कल्पनेसाठी अनुदान मागितले. ते मिळाले नाही. गृहस्थांनी तरीही काम पुरे केले आणि 1974 च्या जानेवारीत टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह निबंध प्रसिद्ध केला. चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात ठळक काय आणि बारीक काय हे वेगळे काढायचे, आणि डोळ्याला जे बारीक जाणवतच नाही ते गाळून टाकायचे, असा या गणिताचा उपयोग. आम्ही पैसे सोडून रुपयात पूर्णांक करतो, तद्वत. आज जगातला बहुतेक प्रत्येक फोटो आणि प्रत्येक पिक्चर या युक्तीच्या किंवा तिच्या लेकीबाळींच्या जिवावर चालतो. अनुदान नाकारणाऱ्याचा शेरा आज वाचायला मिळाला असता तर बरे वाटले असते. अर्ज नाकारण्याचे काम मीही अधूनमधून करतो.

दुसरी काटकसर तर थेट आमच्या खातेवहीतून उचलल्यासारखी आहे. आम्ही काय रोज प्रत्येक खातेदाराची जन्मापासूनची जमाखर्चाची कहाणी नव्याने लिहीत नाही. आरंभीची शिल्लक एकदा मांडायची, पुढे फक्त काय जमा झाले आणि काय खर्ची पडले तेवढे टिपायचे. व्हिडिओतही तेच. एक चित्र पूर्ण लिहायचे, आणि पुढच्या चित्रांत फक्त बदल टिपायचा. बातम्या देणाऱ्या बाईंचे ओठ हलले. मागचा पडदा होता तसाच आहे, त्याबद्दल अवाक्षर नको. म्हणूनच फाइल मध्येच खराब झाली की पडद्यावर हिरवे-करडे फराटे उठतात आणि नायकाचे नाक खलनायकाच्या गालावर जाऊन बसते. मधली नोंद गहाळ झालेली असते आणि डबा आधीच्या शिल्लकेवर पुढचे व्यवहार बिनदिक्कत चढवीत असतो. पुढचे पूर्ण चित्र आले की खाते पुन्हा जुळते.

एवढ्यावर भागले असते. पण या शास्त्रज्ञांनी अशीही चित्रे काढली की ज्यांत मागच्या नोंदीचा आणि पुढे यायच्या नोंदीचा, दोन्हींचा आधार घेतलेला असतो. उद्या जमा होणार असलेल्या चेकवर आज पैसे उचलण्याचाच हा प्रकार. आमच्याकडे याला चौकशी लागते. तिकडे त्याला प्रगती म्हणतात.

ही सगळी युक्ती कायद्यात बसवायला 1988 च्या मे महिन्यात कॅनडातल्या ओटावा शहरी एक मंडळ भरले. त्याचे नाव एम्पेग. त्याने 1993 पर्यंत पहिले प्रमाण तयार केले, आणि त्याच साली त्यावर चालणारी व्हीसीडी निघाली. व्हीसीडीवर 74 मिनिटे मावत. अमेरिकेने तिला भीक घातली नाही, पण आशिया खंडाने तिला पोटाशी धरले. आपल्याकडे पिक्चरच्या डबीत दोन, कधी तीन तबकड्या असत आणि पहिली नेमकी खुन्याचा चेहरा वळता वळता संपे. तबकडी अडकली की ती काढायची, शर्टाच्या टोकाला पुसायची, तोंडाची वाफ द्यायची आणि परत घालायची. हा उपाय विज्ञानाच्या कोणत्या शाखेत बसतो मला ठाऊक नाही, पण गुण येई.

या मंडळाने एक गोष्ट करून ठेवली, तिच्यात पुढच्या साऱ्या महाभारताचे बीज आहे. त्यांनी फाइल वाचायची कशी एवढेच ठरवून दिले. लिहायची कशी हे लिहिणाऱ्यावर सोडले. शिवाय नियम इतके विस्तृत केले, की सगळे पाळणे कोणालाच झेपेना. म्हणून त्यांनी पायऱ्या पाडल्या. अमुक यंत्राने अमुक पायरीपर्यंतच वाचावे, वरचे वाचले नाही तरी त्याला नापास म्हणू नये. थोडक्यात, डबा म्हणतो, 'मला मराठी येते.' आपण हर्षभरित होऊन त्याच्यापुढे ज्ञानेश्वरी ठेवतो. त्याला बापड्याला फक्त बसच्या पाट्या वाचता येत असतात.

आता वाचकांपैकी कोणी विचारील, की फाइलच्या नावापुढे टिंब देऊन तीन अक्षरे असतात, त्यांवरून कळत नाही का? नाही कळत. इथेच सगळे फसतात. ती अक्षरे पाकिटावरची असतात, पत्राची नव्हे. मायक्रोसॉफ्टने 1992 च्या नोव्हेंबरात 'एव्हीआय' नावाचे पाकीट काढले. त्यात चित्र कोणत्या लिपीत लिहावे याला बंधन नव्हते. आपल्याकडे कित्येक घरांत आजोबांच्या ट्रंकेत जुने कागद सापडतात. कागद शाबूत, शाई काळीभोर, मजकूर अस्सल मराठी, आणि हातात धरणारा नातू मराठीचा एम. ए. तरी एक ओळ लागत नाही, कारण अक्षर मोडी! विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ज्या लिपीत जमाखर्च आणि खरेदीखते लिहिली जात, ती वाचणारा आज गावोगाव शोधावा लागतो. पाकीट उघडते, भाषा आपली, पण लिपी येत नाही. डब्याचे नव्वद टक्के आजार एवढ्या एका वाक्यात येतात. या लिपीला तज्ज्ञ लोक कोडेक म्हणतात. कोडे या शब्दाशी त्याचे नाते नाही, पण असते तर शोभले असते.

तिसरा अध्याय बंडखोरांचा. अमेरिकेत 1998 साली 'डिव्हएक्स' नावाची एक तबकडी निघाली होती. साडेचार डॉलरच्या आसपास पैसे मोजून ती घरी न्यायची, आणि पहिल्यांदा लावल्यापासून 48 तासांत पाहून संपवायची. यंत्राला टेलिफोनची तार जोडलेली. ते कंपनीला चहाडी सांगणार. पुन्हा बघायची तर पुन्हा पैसे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यावर बसून, घड्याळ लावून पिक्चर बघायला लोक तयार झाले नाहीत आणि 1999 च्या जूनमध्ये तो धंदा बसला. त्याच सुमारास जेरोम रोटा या फ्रेंच तरुणाने मायक्रोसॉफ्टची एक लिपी तिच्या मूळच्या पाकिटातून सोडवून एव्हीआयच्या पाकिटात बसवली, आणि त्या बुडत्या तबकडीची टर उडवायला तिचेच नाव घेऊन पुढे डोळा मिचकावणारी खूण जोडली. अख्खा चित्रपट एका 700 एमबीच्या सीडीवर बसू लागला. काय सांगू! जगभरच्या होस्टेलांत दिवाळी झाली.

पुढे रोटांनी कंपनी काढली. कंपनीने आधी उघडा ठेवलेला आराखडा बंद केला, तेव्हा 2001 साली काही स्वयंसेवक रागावून बाहेर पडले आणि त्यांनी आपली वेगळी लिपी काढली. तिचे नाव त्यांनी इंग्रजी अक्षरे उलट्या क्रमाने लिहून 'एक्सव्हिड' असे ठेवले. भावकीतले भांडण कोणत्याही देशात सारखेच असते. एक भाऊ दुकानाला 'लक्ष्मी स्टोअर्स' नाव देतो, दुसरा समोरच्या बाजूला 'श्रीलक्ष्मी स्टोअर्स' काढतो.

या लिप्या टीव्हीशेजारच्या डब्याला यायला 2003 साल उजाडले. डेन्मार्कच्या 'किस' नावाच्या कंपनीने तसे यंत्र बाजारात आणले. मराठी माणसाला या नावाने आधी उपासाचा बटाटा आठवतो, पण यंत्र चांगले होते. मागोमाग इतरांची आली. आणि खऱ्या अर्थाने फाइल न चालण्याचे युग सुरू झाले. कारण फाइल लिहिणाऱ्यांनी नवनवीन कसरती काढल्या. अख्खे दृश्य एकदम सरकले तर ते एका नोंदीत टिपायचे, पाव ठिपक्याइतकी हालचालही मोजायची, एका कप्प्यात दोन चित्रे दाबून बसवायची. संगणक हे सारे निस्तरी. डब्यातली चिप धक्के खाई, चित्राची लापशी करी, नाहीतर सरळ हात वर करी.

काही डबे तर आत न बघताच नकार देत. फाइलच्या कपाळावर लिपीच्या नावाची चार अक्षरे असतात. डबा ती वाचून ठरवी, हे आपल्या ओळखीचे नव्हे. मग एका चतुर माणसाने ती चार अक्षरे बदलून ओळखीची घातली. आत काही फरक नाही, फक्त नाव बदलले. आणि पुष्कळदा फाइल चालू लागली! राजपत्रात नाव बदलून घेतल्यावर माणूस जसा त्याच खिडकीवर, त्याच कारकुनापुढे, त्याच चेहऱ्याने उभा राहतो आणि या खेपेला त्याचे काम होते, तसेच हे.

चौथ्या अध्यायात 'मात्रोश्का' येते. रशियन बाहुलीत बाहुली, तिच्यात आणखी बाहुली, असे खेळणे असते, त्यावरून हे नाव. 2002 च्या डिसेंबरात जाहीर झालेले हे पाकीट मोठ्या मनाचे आहे. चित्र, चार भाषांतले आवाज, सहा भाषांतली तळओळ, सगळे पोटात घेते. पुढच्या वर्षी, 2003 च्या मे महिन्यात, 'एच 264' ही नवी लिपी मंजूर झाली. या दोघांचे लग्न लागले आणि 2008 च्या सुमारास त्यांना टीव्हीवर दाखवणारे छोटे डबे बाजारात आले. लोकांना वाटले, सुटलो. पण 2010 च्या आसपास फायली बांधणाऱ्या एका लोकप्रिय प्रोग्रॅमने आणखी बचत आरंभली. प्रत्येक चित्राच्या नोंदीची सुरुवातीची काही अक्षरे सारखीच असतात, ती दर खेपेला कशाला लिहा, म्हणून गाळून टाकली. बचत अर्ध्या टक्क्याची नव्हे. पण कित्येक डब्यांना नोंदीचे डोके सापडेना आणि चांगल्या चालत्या फायली गप्प झाल्या. आमच्या बँकेत मागे टाचण्या वाचवण्याचे परिपत्रक निघाले होते, तेव्हा व्हाउचरांची जी गत झाली तिची मला आठवण झाली. पुढच्या वर्षी हौशी मंडळी रंगांची बारकी छटा टिपणाऱ्या दहा बिटांच्या लिपीकडे वळली, आणि आठ बिटांच्या डब्यांवर माणसे हिरवी-गुलाबी दिसू लागली.

आता तुम्ही म्हणाल, संगणकाला हे सगळे कसे जमते? त्याचे असे, की डब्यातली चिप कारखान्यातून शिकून आलेली असते. जेवढे शिकवले तेवढेच तिला येते. संगणक मात्र वाटेल त्या वयात नवे शिकू शकतो. त्याला शिकवायला जगभरचे स्वयंसेवक फुकट राबतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थांनी 2000 साली 'एफएफएमपेग' नावाचे काम सुरू केले. बहुतेक सगळ्या लिप्यांचा तो जगन्मान्य मोडीवाचक. आणि पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी 1996 साली आरंभलेल्या उपक्रमातून 2001 साली सर्वांसाठी खुला झाला तो 'व्हीएलसी'. रस्ता खोदलेला असतो तिथे ठेवतात तो नारिंगी शंकू त्याची खूण. पोरांनी असले शंकू उचलून वसतिगृहात जमवले होते म्हणे. डबा जिथे 'रस्ता बंद' म्हणतो तिथे हा शंकूवाला तुम्हांला पलीकडे नेतो.

लिपीशिवाय आणखीही कारणे असतात, ती थोडक्यात सांगतो. पेन ड्राइव्हची मांडणी 'फॅट 32' या जुन्या पद्धतीची असेल, तर एका फायलीला 4,29,49,67,295 बाइटांपर्यंतच जागा मिळते. शब्दांत चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव फक्त. वर एक बाइट झाला की फाइल आत घेत नाहीत. इतका काटेकोरपणा मी फक्त आमच्या ऑडिटरमध्ये पाहिला आहे. मांडणी नव्या पद्धतीची करावी, तर पुष्कळ जुन्या डब्यांना ती ओळखता येत नाही. कधी चित्र दिसते पण आवाज नाही. तिथे बहुधा आवाजाची लिपी वाचायचा परवाना कंपनीने पैसे वाचवायला घेतलेला नसतो. कधी तळओळ मराठीत दिलेली असते आणि पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोनी डब्यांची रांग उभी राहते, कारण देवनागरीचा साचाच आत बसवलेला नसतो. आणि कधी एमपी4 पाकिटाची अनुक्रमणिका, जी चित्रण संपल्यावर शेवटी लिहिली जाते, ती बॅटरी मध्येच संपल्यामुळे लिहायची राहिलेली असते. मग तासभराची मुंज आत असूनही बाहेरून काही दिसत नाही.

अमेरिकेतला भाचा पाठवतो ते पिक्चर तर हटकून अडतात. 2017 पासून आयफोन 'एचईव्हीसी' नावाच्या, 2013 साली मंजूर झालेल्या लिपीत चित्रण करतो. निम्म्या जागेत तेवढेच चित्र मावते, पण जुन्या डब्याला ती येत नाही. शिवाय तिचे भाडे वसूल करायला तीन-तीन मंडळे बसली. त्याला कंटाळून मोठमोठ्या कंपन्यांनी 2018 साली 'एव्ही1' ही बिनभाड्याची लिपी काढली. ती जुन्या डब्यांना अर्थातच येत नाही. भाच्याला फोनमधली एक सेटिंग बदलून जुन्या लिपीत चित्रण करता येते. पण हे त्याला सांगायचे म्हणजे 'काका अजून तोच डबा वापरतात' हे न्यूजर्सीपर्यंत कळवण्यासारखे आहे.

हा सारा इतिहास मला पाठ झाला तो एका फायलीमुळे. आमच्या सासऱ्यांची एकसष्टी 2004 साली झाली. तिचे चित्रण मेहुण्यांच्या एका मित्राने करून, संगणकावर लहान करून सीडीवर दिले होते. मूळ कॅमेऱ्याची फीत राहिली नाही. सासरे जाऊनही आता बरीच वर्षे झाली. गेल्या दिवाळीत सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, ती एकसष्टी तुमच्या त्या डब्यावर लागते का बघा ना." डब्यावर लागेना. संगणकावर दाखवू म्हटले, तर गुडघ्यांमुळे त्यांना त्या खुर्चीत बसवेना, आणि एवढ्याशा पडद्यावरचे त्यांना दिसेना.

आमची कन्या अकरावीत आहे. तिने फाइल आत काय आहे ते सांगणाऱ्या प्रोग्रॅमला दाखवली आणि म्हणाली, "बाबा, एक्सव्हिड आहे. वर सगळ्या कसरती चालू ठेवल्यात त्या काकांनी." आधी तिने चार अक्षरे बदलून पाहिली. चित्र आले, पण सासरे चालताना मेणासारखे वितळत होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, बंद करा ते. आईला असं नको दाखवायला." मग कन्येने मूळ फायलीला हात न लावता तिची प्रत काढली आणि ती डब्याला कळेल अशा लिपीत नव्याने लिहायला लावून झोपायला गेली. रात्रभर संगणकाचा पंखा घरघरत होता.

सकाळी चहाच्या वेळी लावली. सासरे दोन शब्द बोलायला उभे राहिले होते आणि नेहमीप्रमाणे वीस मिनिटे बोलले. सासूबाई पदराने चष्मा पुसून पुढे सरकल्या. पडद्यावर पहिल्या रांगेत त्या स्वतः बसल्या होत्या आणि हाताने काहीतरी करत होत्या.

"काय करतेयस गं आजी तिथे?" कन्येने विचारले.

"अगं, खूण करतेय. पुरे आता म्हणून." त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "परत लाव बघू पहिल्यापासून."

त्या दिवशी ते भाषण आमच्याकडे चार वेळा झाले. चहाही चार वेळा झाला.

तेव्हापासून मी आमच्या शाखेत जो भेटेल त्याला तीन गोष्टी सांगतो. लोक ऐकून घेतात, कारण त्यांचे काम माझ्या टेबलावर असते. पहिली: डब्यावर रागावण्यापूर्वी आत लिपी कोणती ते बघा, पाकीट बदलून भागत असेल तर उगाच अख्खा मजकूर पुन्हा लिहायला घेऊ नका, कारण पुन्हा लिहिताना दर खेपेला थोडे काहीतरी गळतेच. दुसरी: नवी प्रत काढली म्हणून मूळ फाइल पुसू नका. व्हाउचर फाडून लेजर राखणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. तिसरी: दहा-बारा वर्षांनी एकदा सगळे नव्या लिपीत, नव्या जागी उतरवून काढा. आपल्या जुन्या पोथ्या अशाच टिकल्या. ताडपत्रे आणि कागद कोणाचे अमर नव्हते. प्रत्येक पिढीत कोणीतरी कंबर मोडून त्यांची नक्कल केली.

आम्हां बँकवाल्यांना कोणते दप्तर किती वर्षे जपायचे याचे 1985 सालचे नियम आहेत. काही पुस्तके पाच वर्षे, काही आठ, पुढे ती रद्दीत काढायला मोकळीक. घरच्या दप्तराला असा नियम कोणी केलेला नाही. ते जपायची मुदत बघणारा माणूस असेतोवर, आणि नक्कल करणारे पोर घरात असेतोवर. आमच्या कन्येला मी हे समजावून सांगितले. ती म्हणाली, "ठीक आहे बाबा, पण मग आधी तो डबा बदला."